जुनी क्लासिक गाडी: वर्षाचा खर्च किती धरायचा आणि नेमकं काय बिघडतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १९६७ सालची चार सिलिंडर पेट्रोल गाडी बघून आलात, मीटरवर ४२ हजार दिसतायत, पहिल्याच सेल्फला चालू झाली, आणि मालक म्हणाले की गेली आठ वर्षं फारशी बाहेर काढलीच नाही, अगदी जपून ठेवलीय. आता तुम्हाला हवंय की इंजिन गिअरबॉक्स ठीक असेल तर वर्षाला गाडीच्या किमतीच्या किती टक्के खर्च धरायचा आणि साधारण काय काय बिघडतं.

टक्क्यात उत्तर देणार नाही, कारण गाडीची किंमत लोकांच्या हौशीवर ठरते आणि ब्रेकच्या सिलिंडरची किंमत ब्रेकच्या सिलिंडरवर. एकाच कंपनीच्या दोन गाड्या, खालचं सगळं सामान तेच, पण एकीचं छत उघडतं म्हणून ती दुपटीने विकली जाते, तिचे ब्रेक काही दुप्पट महाग नसतात. उलट स्वस्तात मिळालेल्या गाडीला बहुतेक वेळा जास्तच खर्च येतो.

मला त्या सगळ्या वर्णनात खटकली ती आठ वर्षं. मी पंचवीसेक वर्षं याच गाड्यांवर हात काळे करतोय, स्वतःच्या दोन आहेत, आणि "जपून ठेवलीय" हे ऐकलं की मी आधी विचारतो, जपून चालवलीय की नुसती उभी केलीय? कारण अशा गाडीचा खर्च किलोमीटरवर कमी आणि कॅलेंडरवर जास्त पडतो. रबर म्हातारं होतं, पेट्रोल चिकट होतं, ब्रेक ऑइल पाणी पितं, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, टायर एकाच जागी दबून बसतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि हे सगळं मीटर एक किलोमीटरही न फिरता होतं. मागच्या मालकाने जी कामं पुढे ढकलली ती गाडीबरोबर तुम्हीच विकत घेता, इंजिन कितीही मस्त वाजत असलं तरी. म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च आणि नंतरच्या वर्षांचा खर्च या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी धरा. आकड्याकडे शेवटी येतो, आधी बिघाड.

सुरुवात ब्रेकपासून, कारण इंजिन बंद पडलं तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहता, ब्रेक गेले तर कुठे उभे राहाल सांगता येत नाही. साधं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायलेल्या ऑइलची किमान मर्यादा १५५ अंश आहे, म्हणजे उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. आणि ते पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पाडतं, त्यावरून रबरी सील घासलं की फाटतं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेकची लाइन एकच असते, एका चाकाला गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यामुळे आठ वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी होस मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो. एकेक करून नाही, एकदम, कारण एक नवीन झाला की दाब नीट तयार होतो आणि मग पुढचा जुना फुटतो.

होसबद्दल एक किस्सा. एका गाडीचं पुढचं डावं चाक सारखं जाम व्हायचं, मी सिलिंडर बदलला, मग पुन्हा दुसरा टाकला, शू साफ केले, ड्रम चकचकीत केला, तरी दहा मिनिटं चालवलं की चाक गरम. शेवटी वैतागून होस कापून बघितला तर बाहेरून नव्यासारखा आणि आतून इतका फुगलेला की टाचणी जेमतेम जाईल. पाय दाबला की ऑइल जोराने आत जायचं, पाय काढला की परत यायला वाटच नाही. तेव्हापासून ब्रेक धरून ठेवणारी गाडी आली की पहिला संशय होसवर. आणि हो, "जुना माल पण न वापरलेला, पाकीटबंद" म्हणून कुणी रबरी पार्ट विकत असेल तर घेऊ नका, तीस वर्षं खोक्यात पडलेलं रबर हे तीस वर्षांचंच रबर असतं. लोखंडी पार्ट असा मिळाला तर मात्र सोनं.

ऑइल बदलताना आधी काय भरलंय ते बघा. डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र नाव तसं असलं तरी साध्या जातीचंच आहे. सित्रोएन डीएससारख्या गाड्यांत तर जुन्यांना लाल आणि नंतरच्यांना हिरवं असं ऑइल लागतं, चुकीचं भरलं तर अख्ख्या गाडीची सीलं वाया. तुमची गाडी तशी नाहीये, पण मुद्दा लक्षात आला असेल.

आता पेट्रोल. टाकी आतून गंजते, तो गंज लाइनमधून कार्ब्युरेटरमध्ये येतो, आणि मग गाडी चढावर गचके खाते, सपाटीवर ठीक चालते, माणूस तीन वेळा कार्ब्युरेटर खोलतो पण टाकी कुणी उतरवत नाही. पारदर्शक फिल्टर बसवा, दोन आठवड्यांत तांबडी पूड दिसली तर उत्तर मिळालं. दुसरी भानगड एथॅनॉलची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये ते असतंच, आणि जुने रबरी पाइप, पंपाचे पडदे, कार्ब्युरेटरची सीलं ही त्यासाठी बनलेलीच नव्हती, ती मऊ पडतात नाहीतर तडकतात, शिवाय एथॅनॉल पाणी ओढतं आणि पुरेसं पाणी झालं की ते थर धरून टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला आणि नवीन घेताना त्यावर आर९ छापलेलं बघून घ्या, तो माल एथॅनॉल सहन करतो. हे काम स्वस्त आहे आणि ते न केल्यानेच गाड्या पेटतात, गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा एक थेंब पुरतो. आग विझवायचा छोटा सिलिंडर हाताला लागेल असा ठेवा.

शिशाच्या पेट्रोलबद्दल तुम्हाला कुणीतरी घाबरवेलच म्हणून सांगून ठेवतो. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरायचं. ते पेट्रोल जगातून हळूहळू गेलं, शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये. थर नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मऊ बैठकीत हळूहळू रुतत जातो. पण हे होतं मुख्यतः सतत जोरात चालवल्यावर. महिन्यातून चार फेऱ्या मारणाऱ्याने निव्वळ भीतीपोटी हेड उतरवू नये. व्हॉल्व्हचा गॅप मोजून वहीत लिहा, पुढच्या वेळी परत मोजा, एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमीच होत गेला तर बैठक रुततेय, मग हेड उतरेल तेव्हा कडक बैठका बसवून घ्या. गॅप जागेवर असेल तर चहा प्या आणि विसरा.

इग्निशनमध्ये नवीन माणसाचा सगळ्यात जास्त वेळ जातो. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघड-बंद होणारा डिस्ट्रिब्युटरमधला संपर्क, त्याची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे जातं आणि गाडी "ओढत नाही" असं वाटायला लागतं. फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पट्टीने, गॅप बसवायला वीस मिनिटं लागतात, हे स्वतः शिकाच. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर मात्र डोकं खातो. थंड असताना मस्त, अर्धा तास चालवलं की मिसिंग, मग बंद, वीस मिनिटं थांबलं की परत चालू. लोक म्हणतात पेट्रोलची वाफ झाली, लाइनवर ओलं फडकं टाका. मीही एकदा असेच दोन दिवस कार्ब्युरेटरच्या मागे लागलो होतो, निघाला कंडेन्सर, तोही महिन्याभरापूर्वी मीच बसवलेला नवाकोरा. नवीन कंडेन्सर आणि रोटर यांचा दर्जा हल्ली इतका बेभरवशाचा आहे की चालत असलेला जुना काढला तर मी तो फेकत नाही, डिकीत ठेवतो. पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचा का? रोज चालवणार असाल तर घ्या, बाहेरून दिसतही नाही, पण पॉइंटचा जुना सेट सोबत असू द्या, कारण किट गेला की रस्त्यात काही करता येत नाही आणि पॉइंट असले की पॉलिश पेपरच्या तुकड्यावर घरी येता येतं.

गरम होण्याचं. वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरलेलं असेल तर ब्लॉकच्या आत गाळ बसलेला असतो आणि तो बहुतेक मागच्या सिलिंडरपाशी, जिथे पाणी आधीच संथ फिरतं. अशा वेळी नवा रेडिएटर टाकून काही होत नाही, ब्लॉकचा पाणी सोडायचा नळ उघडून, गरज पडली तर ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या चकत्या काढून तो गाळ खरवडावा लागतो. त्याआधी स्वस्त गोष्टी बघा: फॅनबेल्टचा ताण, रेडिएटरच्या झाकणाचं रबर, टायमिंग, थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल, तसं करू नका, इंजिन कायम थंड राहिलं की झीज वाढते आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. आणि काटा लाल पट्ट्यात गेला तर "पोचूच आता" करू नका, पाइपच्या पैशात होणारं काम हेड प्लेन करण्यावर जातं.

वायरिंगबद्दल लोक उगाच घाबरतात. वायर मध्येच क्वचित मरते, मरतात ते जोड आणि अर्थिंग. मंद हेडलाइट, ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकणं, सेल्फ रडत फिरणं, हे नव्वद टक्के वेळा गंजलेल्या जोडाचं काम, हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कुठे छापलेला नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी साफ करा किंवा बदला, नवीन सेल्फ मोटर विकत घेण्याआधी. गाडी इंग्लिश असेल तर एक गोष्ट आधीच तपासा: १९६०च्या दशकातल्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. एमजीबीमध्ये १९६७ च्या आसपासच हे बदललं. नेहमीच्या सवयीने चार्जर किंवा रेडिओ उलटा जोडला की धूर निघतो. शिवाय काही गाड्यांत अख्ख्या गाडीला फ्यूज दोन, बाकी वायरी थेट. बॅटरी तोडायचा स्विच बसवून घ्या, रात्री फिरवून ठेवायचा.

ऑइलमध्ये दोनच गोष्टी. इंजिनला २०डब्ल्यू-५० किंवा पुस्तकात असेल त्या जाडीचं, आणि त्यात झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं, कारण सपाट टॅपेटच्या कॅमला ते लागतं आणि आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ सांगितलं असेल तर "त्यापेक्षा भारी" म्हणून जीएल-५ भरू नका, त्यातली काही मिश्रणं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला खातात. बाकी ग्रीस. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि स्टीअरिंगच्या निपलना ग्रीस न मारल्याने जितक्या गाड्यांचं पुढचं काम निघालेलं मी बघितलंय तितकं खड्ड्यांनी निघालेलं नाही बघितलं.

आता खरा खड्डा, म्हणजे गंज. वर लिहिलेलं सगळं एकत्र केलं तरी खराब पत्र्याच्या खर्चापुढे ते किरकोळ आहे. यांत्रिक कामाचा अंदाज देता येतो, पत्र्याचा देता येत नाही, कारण वेल्डर एक भोक बंद करायला जातो, टॉर्चच्या उष्णतेने बाजूचा पत्रा उडतो आणि एका दिवसाचं काम तीन आठवड्यांवर जातं. चेसिस वेगळी असलेल्या गाडीत थोडी तरी मुभा असते, पण बॉडी हीच चेसिस असेल तर दाराखालचा लांब पत्रा, जॅक लावायच्या जागा, मागचे पाटे जिथे टांगलेत ते कंस, हे कुजले म्हणजे गाडीचा कणाच गेला. कार्पेट उचला. बॅटरीच्या खालचा ट्रे बघा. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोटाने दाबा. पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक दाराच्या खालच्या भागावर फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. आणि दार उघडून जॅकवर गाडी थोडी उचला, मग दार बंद करून बघा. आधी सहज लागणारं दार आता घासायला लागलं तर नमस्कार करून घरी या, रंग कितीही सुंदर असो. ताजा रंग तर मला नेहमी जास्तच घाबरवतो.

सुटे भाग मिळतात का हे गाडीवर आहे. बीटल, मिनी, एमजीबी यांचं जवळपास सगळं नव्याने बनतं, एमजीबीची तर अख्खी बॉडी १९८८ पासून पुन्हा बनवायला लागले. कमी खपलेली गाडी असेल तर इंजिनचे भाग कसेही जमतात, बेअरिंग, सील, पिस्टन रिंग हे मापावर शोधता येतात, पण मागच्या दिव्याची काच, क्रोमची पट्टी, दाराचं हँडल, पुढची काच यासाठी वर्षं जातात. तेव्हा गाडी बघताना इंजिनपेक्षा पट्ट्या आणि काचा मोजा. मी थट्टा करत नाहीये. बंद इंजिन पण सगळ्या पट्ट्या शाबूत अशी गाडी मी चालू इंजिन आणि अर्ध्या पट्ट्या गायब अशा गाडीपेक्षा आधी घेईन.

खर्चाचा हिशोब मी असा करतो. गाडी घेण्याआधीच यादी काढायची: ब्रेकचं सगळं रबर आणि सिलिंडर, पाच टायर, पेट्रोलचे आणि पाण्याचे सगळे पाइप, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, बेल्ट, पूर्ण ट्यूनिंग. तुमच्या भागातल्या जुन्या गाड्या करणाऱ्या मेकॅनिककडून या यादीचे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या आणि आलेल्या बेरजेत अर्धी रक्कम आणखी मिळवा, ती अर्धी रक्कम तुटणाऱ्या बोल्टची आहे. पुस्तकात दोन तासांचं काम एका मोडलेल्या एक्झॉस्ट स्टडमुळे दोन दिवसांचं होतं आणि त्यात मेकॅनिकची काही चूक नसते. हा झाला पहिल्या वर्षाचा आकडा, तो गाडीच्या किमतीत धरूनच भाव करा.

दुसऱ्या वर्षापासून नेहमीचं येतं: विमा, जागा, वर्षाला इंजिन ऑइल किलोमीटर झाले नसले तरी, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, दोन-तीन वर्षांनी कूलंट, दहा वर्षांनी टायर नक्षी शाबूत असली तरी, आणि दर वर्षी एक काहीतरी अनपेक्षित, डायनॅमो, पाण्याचा पंप, क्लचचा सिलिंडर, असं. याशिवाय एक मोठं काम कधीतरी येणारच, इंजिन किंवा रंग किंवा वायरिंग किंवा सीट. माझ्या अंदाजाने दहा वर्षांत एक तरी. त्याचा आजचा भाव विचारा, दहाने भागा आणि दर वर्षी तेवढे बाजूला टाका. पाना धरायची आवड असेल तर ऑइल, ग्रीस, पॉइंट, व्हॉल्व्ह गॅप स्वतः करा, नेहमीची मजुरी बरीच वाचते, फक्त स्टीअरिंग आणि वेल्डिंगला हात लावू नका आणि ब्रेक पहिल्यांदा जाणत्या माणसासमोर करा. इंग्लिश गाडी असेल तर पाने घेण्याआधी बोल्ट कुठल्या मापाचे आहेत ते बघा, एमएमचा पाना जवळपास बसतो आणि कोपरे गोल करून ठेवतो.

आता तुम्ही काय करा: परत जा, पण मालकांना सांगा की तुम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. मागच्या वेळी पहिल्या सेल्फला चालू झाली तेव्हा बॉनेटला हात लावून बघितलात का, की आधीच गरम करून ठेवली होती? थंड गाडी चालू होताना मागचा धूर बघा, निळा असेल आणि दोन मिनिटांत गेला तर व्हॉल्व्हची सीलं, जातच नसेल तर रिंगा, ती ४२ हजाराची गोष्ट मग तपासायला हवी, जुने मीटर बरेचदा पाच आकडीच असतात आणि शून्यावरून परत सुरू होतात. पेडलांचं रबर आणि ड्रायव्हरची सीट किती झिजलीय ते त्या आकड्याशी जुळतं का बघा. आणि टायरच्या बाजूला इंग्रजीत DOT लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, तीनच असतील तर टायर २००० च्या आधीचे. ते आकडे, जॅक लावायच्या चारही जागांचे फोटो आणि कार्पेटखालचा एक फोटो एवढं पाठवा, मग भाव किती पाडायचा ते बघू.